गाविलगडावरच्या कंपनीच्या बंदुका

१५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातला गाविलगड पडला. त्याच दिवशी मेजर जनरल आर्थर वेलस्लीने कलकत्त्याला गव्हर्नर जनरलकडे, म्हणजे आपल्या थोरल्या भावाकडे, खलिता धाडला. किल्ला कसा घेतला, किती माणसे पडली हे सांगता सांगता तो किल्ल्यातल्या शिबंदीविषयीही लिहितो. ती राजपुतांची होती, आणि तिच्यात भोसल्यांचा सरदार बेणीसिंग याच्या कवायती पायदळाचा मोठा भाग होता. अडगावच्या लढाईतून निसटून हे लोक गडावर आले होते. पुढे तो नोंदवतो की या सगळ्यांजवळ ईस्ट इंडिया कंपनीच्या नव्या बंदुका आणि संगिनी होत्या.

मराठे का हरले याचे उत्तर शाळेपासून आपल्या कानावर असते: इंग्रजांकडे आधुनिक हत्यारे होती, आपल्याकडे नव्हती. वऱ्हाडच्या मातीवर झालेल्या शेवटच्या मोठ्या लढाईपुरते तरी हे उत्तर टिकत नाही, आणि ते खोडून काढणारा साक्षीदार शत्रूचा सेनापतीच आहे. भोसल्यांच्या शिपायांच्या हातात इंग्लंडात घडलेली बंदूक होती. गडाशेजारच्या चिखलदऱ्याला येणारे प्रवासी गडावरच्या मोठ्या तोफांवर हात फिरवतात, फोटो काढतात. खरा प्रश्न मात्र त्या लहान हत्याराचा आहे. आक्रमण परतवायला निघालेल्या राज्याने परक्याची बंदूक घेतली, तर तिच्याबरोबर त्याला काय मिळते आणि काय मिळत नाही?

आधी बंदूक समजून घेऊ. आज आपण जिला रायफल म्हणतो तशी ती नव्हती. नळी आतून गुळगुळीत, बार तोंडातून भरायचा. आपल्याकडची जुनी बंदूक तोड्याची: जळती वात कानाला लावून बार काढायचा. तिची नळी लांब, नेम चांगला, आणि बुरुजाआडून मारा करायला ती उत्तम. पण मैदानात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत प्रत्येकाच्या हातात जळती वात आणि कमरेला दारू म्हणजे शेजाऱ्याच्याच जिवाला धोका. पावसात ती वात विझणार ती वेगळीच. युरोपातून आलेल्या चकमकीच्या बंदुकीने ही अडचण दूर केली. घोडा पडला की गार पोलादावर घासते, ठिणगी रंजकात पडते, बार निघतो. कंपनीने आपल्या फौजेसाठी या बंदुकीचा स्वस्त आणि सुटसुटीत नमुना करून घेतला होता. नळी ३९ इंचांची, व्यास पाऊण इंच, वजन चार किलोंच्या वर, आणि टोकाला संगीन. फ्रान्सशी युद्ध जुंपून बंदुकांचा तुटवडा पडला तेव्हा, १७९०च्या दशकात, खुद्द इंग्लंडच्या सरकारने कंपनीचा हाच नमुना आपल्या सैन्यासाठी उचलला. म्हणजे गाविलगडावर सापडलेले हत्यार त्या काळच्या जगात कुठेही जुनाट ठरले नसते.

तिचा पल्ला मोठा नव्हता. शंभर पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. तिची ताकद होती एकदम झडणाऱ्या फैरीत. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी, आणि पाचशे माणसांनी एका हुकमावर तसे केले की समोरचे घोडदळ थबके. याचा अर्थ असा की ती एकट्या माणसाचे हत्यार नव्हतीच. कवायत, हुकूम देणारा अंमलदार आणि तो हुकूम ऐकून जागेवर उभा राहणारा शिपाई हे तिघे मिळून ती बंदूक पुरी होत असे.

मराठ्यांना हे कळले नव्हते असे नाही. बुसीची फ्रेंच पलटण दख्खनेत आल्यापासून गारदी, म्हणजे कवायती बंदूकधारी शिपाई, हा आपल्या फौजांचा भाग झाला. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण या गोष्टीला राज्याच्या पातळीवर हात घातला तो महादजी शिंद्यांनी. १७८४ साली त्यांनी सॅव्हॉयच्या बेन्वा द बॉईनला चाकरीत घेतले. दोन पलटणींपासून सुरुवात झाली आणि पाहता पाहता पूर्ण कंपू (ब्रिगेड) उभे राहिले. सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर आग्र्याला तोफा ओतू लागला आणि बंदुकाही घडवू लागला. त्याची बंदूक दहा रुपयांत पडे आणि ती चांगली असे, असे त्या काळचे युरोपीय लेखकच सांगतात. विकत आणलेले हत्यार उघडून पाहणे, त्याची नक्कल करणे आणि ते देशात घडवणे ही पायरी महादजींनी गाठली होती. मराठेशाहीच्या साऱ्या इतिहासात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि तिच्याविषयी आपण फार थोडे बोलतो.

११ मार्च १७९५ला खर्ड्याच्या लढाईत दोन्ही बाजूंना फ्रेंच धाटणीचे पायदळ होते: निजामाकडे रेमाँचे, शिंद्यांकडे पेराँचे. नागपूरचे दुसरे रघूजी भोसलेही तिथे फौजेनिशी होते, त्यांच्या अग्निबाणांनी निजामाचे घोडदळ बिथरवले. नवे पायदळ काय करू शकते हे भोसल्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८०३पर्यंत त्यांच्याजवळही बेणीसिंगाच्या हाताखाली कवायती पलटणी होत्या, बरोबर तोफखाना होता आणि अरबांची तुकडी होती.

बंदूक आली, पण तिच्या मागे उभा असलेला कारखाना, खजिना आणि माणसे तिच्याबरोबर आली नाहीत. चकमकीची गार वीस-तीस बारांनंतर बोथट होते आणि बदलावी लागते. इंग्लंडात सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावाजवळ या कामाची उत्तम गार निघे आणि ती पेट्या भरभरून पलटणींना पुरवली जाई. इथे मिळेल त्या गारगोटीवर भागवायचे, मग घोडा पडतो पण बार निघत नाही. दारूचा जीव सोऱ्यात. हिंदुस्थानातला सर्वांत चांगला सोरा बिहारचा, आणि प्लासीनंतर त्याचा मक्ता कंपनीने आपल्या हातात घेतला. बंदुकीची नक्कल करता येई, पण तिचे पोट ज्या मालाने भरायचे त्याची नाडी शत्रूच्या मुठीत गेली होती.

त्याहून मोठी उणीव अंमलदारांची. कंपूंचे बहुतेक अधिकारी युरोपीय, नाहीतर युरोपीय बापांचे इथे जन्मलेले मुलगे. १८०३च्या ऑगस्टअखेर गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला: मराठ्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिशांनी ती सोडून यावे, त्यांच्या पोटापाण्याची सोय कंपनी करील. माणसे निघून गेली. सप्टेंबरात शिंद्यांच्या कंपूंचा प्रमुख खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. वर्षानुवर्षे तयार केलेल्या पलटणींना लढाईच्या तोंडावर हुकूम द्यायला ओळखीचा आवाज उरला नाही. याला हत्याराची उणीव कसे म्हणायचे? बंदूक हातात होती, ती चालवायला शिकवणारा पलीकडच्या छावणीत जाऊन बसला होता.

आणि पगार. द बॉईनने दोआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी लावून घेतला होता. शिपायाला महिन्याच्या महिन्याला रोकड मिळे, म्हणून त्याची पलटण उभी राहिली. बाकी मराठी फौजांत पगार थकणे ही नित्याची गोष्ट. घोडेस्वाराचे लुटीवर भागते. रांगेत उभे राहून गोळी खाणाऱ्या पायदळाला मात्र रोकडच लागते. कंपनीच्या पाठीशी बंगालचा महसूल होता आणि सावकारांची पतही होती. हे सावकार आपलेच होते, हेही सांगायला हवे.

आता अडगाव. इंग्रजी कागदांत ते ‘अरगाम’ होऊन बसले आहे. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडचे हे गाव, शेजारी शिरसोली, उत्तरेला सातपुड्याची रांग. २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांचे पायदळ मोडले होते, पण त्या लढाईने वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मारले वा घायाळ केले होते. ऑक्टोबरात वेलस्लीच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतला. १८ ऑक्टोबरला आग्रा पडले आणि सँग्स्टरचा कारखाना इंग्रजांकडे गेला. अडगावला लढाई उभी राहिली तेव्हा नव्या बंदुका घडवणारी भट्टी हातातून जाऊन सहा आठवडे झाले होते.

नोव्हेंबरात शिंद्यांच्या वकिलाने तहकुबीचा करार केला. अट अशी की शिंद्यांची छावणी अचलपूरच्या पूर्वेला वीस कोसांवर हलवायची. ती हलली नाही, आणि वेलस्लीला निमित्त मिळाले. २९ नोव्हेंबरला त्याची आणि स्टीव्हन्सनची फौज पाथर्डीपाशी एकत्र आली. त्या दिवशी लढायचा त्याचा विचार नव्हता, माणसे चालून दमली होती. पण अडगावसमोर मैलोगणती पसरलेली मराठी फौज दिसली आणि दुपार कलल्यावर त्याने हल्ल्याचा हुकूम दिला. समोर रघूजींचे भाऊ वेंकोजी ऊर्फ मन्याबापू भोसले, त्यांचे पायदळ आणि तोफखाना. एका बाजूला शिंद्यांचे घोडदळ.

सुरुवात मराठ्यांच्या तोफांनी केली. असईला न डगमगलेल्या कंपनीच्या तीन हिंदी पलटणी पहिल्याच भडिमारात फुटून मागे पळाल्या. आपण जवळ नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असे वेलस्लीने पुढे पत्रात कबूल केले आहे. तो जवळ होता, त्याने पलटणी आवरल्या, पुन्हा रांगेत उभ्या केल्या. अडगावाविषयी लिहिताना हे वाक्य ओलांडून पुढे जाता कामा नये. दोन्हीकडे शिपाई हिंदी, दोन्हीकडे चकमकीच्या बंदुका, आणि भीतीही दोन्हीकडे सारखीच. फरक पडला तो पळणाऱ्यांना अडवणारा त्या जागी असण्या-नसण्याचा.

मग सुमारे पाचशे जणांच्या एका तुकडीने ७४व्या आणि ७८व्या गोऱ्या पलटणींवर चाल केली. वेलस्लीच्या खलित्यात ते इराणी असावेत असा तर्क आहे, बहुतेक लेखक त्यांना अरब म्हणतात. ते एकेक करून तिथेच पडले. परक्या मुलुखातून पोटासाठी आलेली ही माणसे वऱ्हाडच्या काळ्या मातीत शेवटपर्यंत लढली, याची नोंद आपण कृतज्ञतेने ठेवली पाहिजे. शिंद्यांच्या घोडदळाची एक चाल परतवली गेली आणि मराठी रांग मोडली. अंधार पडल्यावर चांदण्यात पाठलाग झाला. ३८ तोफा इंग्रजांना मिळाल्या. त्यांचे मेलेले आणि घायाळ मिळून साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे असईच्या पावपटही नाही.

बेणीसिंग उरलेल्या पलटणी घेऊन गाविलगडावर गेला. गड बहमनी काळातला, दक्षिणेकडे उभे कडे. त्या बाजूने आलेल्या वेलस्लीच्या तोफांनी तटाला ओरखडाही उठला नाही, लोखंडी तोफा तर चढवताच आल्या नाहीत. खरे काम स्टीव्हन्सनने केले. अचलपुरापासून मेळघाटाच्या डोंगरांतून, स्वतः वाट फोडत, जड तोफा ओढत तो उत्तरेला लबाड्यापाशी पोहोचला. याच बाजूने गड डोंगराच्या पठाराशी जोडलेला आहे. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधायला सुरुवात झाली, दोन दिवसांत तटाला खिंडार पडले, आणि १५ तारखेला सकाळी लेफ्टनंट कर्नल केनीच्या हाताखाली हल्ला झाला. बाहेरचा तट गेला तरी आतला उभा होता. ९४व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून आतल्या भिंतीवर चढला आणि आतून दरवाजा उघडला.

इथे त्या बंदुकांचे काय झाले हा प्रश्न मनाला टोचतो. किल्ल्याच्या आत, भिंतीआडून, चढून येणाऱ्या माणसावर झाडायला त्या पुरेशा होत्या. पण त्या हातात असलेल्या पलटणी पंधरा दिवसांपूर्वी मैदानात मोडल्या होत्या, मैदानी फैरीसाठी तयार केलेल्या होत्या, आणि बचाव विखुरलेला होता. एक अख्खी डोंगरधार मोकळी सोडून आतल्या भिंतीवर भरवसा ठेवला गेला. शत्रू रस्ता बांधत दिवसचे दिवस डोंगरातून येत असताना त्याला वाटेतच कापायला हवे होते. मेळघाटाच्या त्या घाटवाटा जुन्या मराठी युद्धपद्धतीला किती अनुकूल होत्या हे तिथे पायी हिंडलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. बेणीसिंग आणि किल्लेदार दोघांचेही मृतदेह दरवाजाजवळ प्रेतांच्या राशीत सापडले. काही राजपुतांनी बाहेर पडण्याआधी आपल्या बायका-मुलींचा शेवट केला होता. इंग्रजांचे मेलेले व घायाळ सव्वाशेच्या घरात.

या पराभवावर दोनशे वर्षे लिहिले जात आहे. खुद्द वेलस्लीचे मत होते की शिंद्यांनी युरोपीय अधिकारी आणि पायदळ यांच्या नादी न लागता निव्वळ घोडदळाने युद्ध केले असते तर ते अधिक अवघड गेले असते. गनिमी कावा सोडला म्हणून बुडालो हा आपल्याकडचा लोकप्रिय विचार याच्याच जवळचा. दुसऱ्या टोकाला इतिहासकार राजवाडे. ‘राधामाधवविलासचंपू’च्या १९२२च्या प्रस्तावनेत त्यांनी दुखणे शास्त्राच्या अभावात पाहिले: युरोपात विज्ञान उभे राहत असताना आपल्याकडे कुणी पदार्थांच्या मुळाशी गेले नाही, तोफा-बंदुका परक्याकडून घेत राहिलो.  अलीकडे रँडॉल्फ कूपर यांनी १८०३च्या मोहिमांवर २००३ साली जे पुस्तक लिहिले, त्याने सगळी मांडणीच हलवली. मराठी तोफखाना इंग्रजांच्या तोडीचा, काही बाबतींत सरस होता. इंग्रज जिंकले ते पैशाच्या, पतीच्या आणि समोरच्याचे अधिकारी फोडण्याच्या बळावर, असे त्यांचे म्हणणे.

राजवाड्यांचा राग मला समजतो, तो प्रेमातून आलेला राग आहे. पण आग्र्याचा कारखाना आणि गाविलगडावरच्या नव्या बंदुका त्यांच्या निष्कर्षाला पूर्ण आधार देत नाहीत. वेलस्लीचे मतही जपून घ्यावे. ज्या तोफांनी असईला त्याची फौज अर्धमेली केली, त्या नसत्या तर बरे झाले असते असे शत्रूने सांगावे आणि आपण मान डोलवावी, हे बरोबर नाही. कूपर यांच्या मांडणीकडे माझा कल आहे, पण तिच्यात मला एक भर घालावीशी वाटते. पैसा आणि अधिकारी फुटले त्याच्या आधी दौलत फुटलेली होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांचा पराभव केला, बाजीराव वसईला जाऊन इंग्रजांच्या तहात शिरले, आणि पुढच्या वर्षी असई-अडगाव घडत असताना होळकरांची फौज बाजूला उभी राहिली. ती १८०४ साली एकटी लढली. अडगावच्या मैदानात होळकरांच्या पलटणी भोसल्यांशेजारी असत्या, तर त्या तीन पळणाऱ्या पलटणींना आवरायला वेलस्लीला सवड मिळाली असती का, हा प्रश्न मी सोडू शकत नाही.

आयात बंदुकीने देश राखल्याचे उदाहरण जगात आहे, आणि ते पाहिले की वऱ्हाडचे दुखणे अधिक नेमके दिसते. १ मार्च १८९६ रोजी इथिओपियाच्या मेनेलिकने अदवा येथे इटलीची फौज धुळीस मिळवली. त्याच्या लाखभर माणसांपैकी बहुतेकांच्या हातात बंदुका होत्या आणि जवळजवळ सर्व बाहेरून आलेल्या: फ्रेंच व्यापाऱ्यांकडून, रशियाकडून, आणि काही तर मैत्रीच्या काळात खुद्द इटलीने दिलेल्या. मेनेलिककडे बर्मिंगहॅमसारखे बंदुका घडवणारे शहर नव्हते, आग्र्यासारखा कारखानाही नव्हता. पण एकमेकांशी उभा दावा असलेले गोज्जाम, तिग्रे आणि हरारचे सरदार त्या दिवशी एका छावणीत होते, आणि हुकूम देणारे अधिकारी त्यांचेच होते, परक्याचे भाडोत्री नव्हते. शत्रूनेच दिलेली बंदूक तिथे शत्रूवर चालली. गाविलगडावर ती होती, चालली नाही.

जिंकणाऱ्याला हे सगळे पुरते कळले होते, आणि तहाच्या कलमांत ते दिसते. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड आणि नरनाळा मात्र आसपासच्या मुलुखासह भोसल्यांना परत मिळाले. किल्ले परत देण्यात कंपनीला काही अडचण वाटली नाही. अडचण माणसांची होती. इंग्रजांशी युद्धात असलेल्या सत्तेचा फ्रेंच वा दुसरा कुणी युरोपीय, अमेरिकन माणूस ठेवायचा नाही, आणि कंपनीचा कोणताही प्रजाजन, गोरा असो वा हिंदी, तिच्या संमतीवाचून चाकरीत घ्यायचा नाही, असे कलम भोसल्यांच्या तहात घातले गेले. बंदूक विकत घ्यायची वाट एक वेळ उघडी राहिली तरी चालेल, ती चालवणारा माणूस घेण्याची वाट बंद केली.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी वऱ्हाडात दुष्काळ पडला. फौजांच्या ये-जा आणि लुटीने उजाड झालेल्या गावांवर तो कोसळला. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला आप्पासाहेब भोसल्यांची फौज पुन्हा उभी राहिली, तेव्हा पराभवानंतरही नागपूर शहर धरून बसले ते अरब. डिसेंबरअखेर त्यांनी वाट मोकळी करून घेऊन शहर सोडले. पुढे १८५८ साली, तात्या टोपे सातपुड्यातून दक्षिणेत उतरतील या धास्तीने, गाविलगडाची तटबंदी निकामी केली गेली. १८७८च्या हत्यार कायद्याने गावातल्या साध्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागू लागला, आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. देवगावच्या तहात दरबारांपुरती घातलेली बंदी पाऊणशे वर्षांनी कास्तकाराच्या घरापर्यंत पोहोचली.